तळटीप : ‘लॉक लावले’
१. हे लॉक केबिनच्या दाराचे नव्हे, मागच्या डिफरेन्शियलचे. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते, म्हणून डिफरेन्शियल दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देते. कळमन्याच्या बाजाराला निघालेला भरला ट्रक काळ्या मातीत रुतला, की हीच सोय अंगाशी येते : एक चाक जागीच गरगरत चिखल उडवते, दुसरे हलत नाही. लॉकचे बटण दोन्हींना एकत्र जखडते. पण ते दाबायचे ट्रक उभा करून. गरगरत्या चाकावर दाबले तर लॉकचे दाते तुटू शकतात. बाजाराच्या पक्क्या रस्त्यावर लॉक काढायचे, नाहीतर वळताना टायर घासतात, क्वचित ॲक्सलही मोडतो. लेखक पुढे ‘ट्रक वळेचना’ म्हणतो, ते बहुधा लॉक लागलेलेच राहिल्यामुळे.