भास्कराचार्यांचे भुंगे

वर्गमूळ असलेले समीकरण फळ्यावर मांडले, की आमच्या दुधनीकडील विद्यार्थी मूळ एका बाजूस घेऊन लगेच दोन्ही बाजूंचा वर्ग करतात. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात याहून सुबक वाट दाखविली होती.

त्यांच्या ‘लीलावती’त भुंग्यांचा एक थवा आहे. निम्म्या थव्याचे वर्गमूळ, तितके भुंगे मालतीकडे गेले. सबंध थव्याचे आठ-नवमांशही गेले. उरला रात्री कमळात कोंडलेला एक भुंगा आणि बाहेर गुणगुणणारी त्याची सखी. थवा केवढा?

‘बीजगणिता’त आचार्य थव्याला अज्ञात मानीत नाहीत. निम्म्या थव्याचे मूळ हेच अज्ञात! मग थवा म्हणजे त्या अज्ञाताच्या वर्गाची दुप्पट, आणि समीकरणात मूळ उरतच नाही. वर्गसमीकरणातून दोन किमती निघतात : ६ आणि उणे दीड. सहा घेतल्यास थवा ७२ चा. ६, ६४ आणि २ मिळून ७२ भरतात. उणे दीड घेतल्यास थवा साडेचार भुंग्यांचा! आमच्या मुलांच्या रीतीत हे साडेचार धन संख्येच्या वेषात येतात आणि ताळा न पाहणाऱ्यास फसवितात. येथे मात्र चोर ऋणचिन्हानेच ओळखू येतो, कारण भुंग्यांची संख्या उणे कशी असेल?

आचार्यांचे नातू चांगदेव हे यादवराजा सिंघणाचे ज्योतिषी. आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांनी चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ स्थापिला. तेथील १२०७ च्या सुमाराच्या शिलालेखात मठाला दिलेल्या देणग्यांचा तपशील मराठीत कोरलेला आहे.