रोजगार हमी योजना : दुष्काळ, मंदी आणि शहापूर–मुरबाड

रोजगार हमी योजना : ‘मागेल त्याला काम’ हे तत्त्व कायद्याने मान्य करणारी महाराष्ट्र शासनाची योजना. अंगमेहनतीचे अकुशल काम करण्यास तयार असलेल्या ग्रामीण भागातील प्रौढ व्यक्तीने मागणी केल्यास तिला काम देणे शासनावर बंधनकारक असते. मागणीनंतर १५ दिवसांत काम मिळाले नाही, तर बेकारी भत्ता द्यावा लागतो. पीक बुडाले, कारखाना थांबला वा बाजार बसला, तरी मजुराची चूल पेटती राहिली पाहिजे आणि तिचा भार समाजाने करांतून उचलला पाहिजे, हा या योजनेमागचा पुरोगामी विचार. मंदीच्या काळात सरकारने हात आखडता घेऊ नये, उलट खर्च वाढवावा आणि तो सर्वांत गरीब माणसाच्या मजुरीतून करावा, हे धोरण महाराष्ट्राने देशाच्या कितीतरी आधी कायद्यात उतरवले.

पार्श्वभूमी : या कल्पनेचे जनक वि. स. पागे. सांगली जिल्ह्याच्या तासगाव तालुक्यातील विसापूरचे पागे गांधीविचाराचे कार्यकर्ते होते आणि १९६० ते १९७८ या काळात ते विधान परिषदेचे सभापती होते. १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात त्यांच्या कल्पनेचा पहिला प्रयोग झाला. पुढे लागोपाठच्या अवर्षणांनी राज्य होरपळले. १९७२-७३ च्या दुष्काळात पाझर तलाव, रस्ते, बंडिंग आणि खडी फोडण्याची कामे गावोगाव निघाली. मे १९७३ मध्ये अशा कामांवर सुमारे ५० लाख माणसे राबत होती. तेव्हा वाटलेली सुकडी (पूरक आहार) आणि मिलो (आयात ज्वारी) या त्या पिढीच्या आठवणी आहेत. मजुरी वेळेवर मिळावी, धान्याचा पुरवठा व्हावा, कामे बंद पडू नयेत, यांसाठी डाव्या पक्षांनी व शेतमजूर संघटनांनी मोर्चे, घेराव आणि संप केले. त्याच सुमारास मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींच्या पुढाकाराने महागाईविरुद्ध बायकांचे लाटणे मोर्चे निघत होते. खेड्यातील मजुरीचा आणि शहरातील रेशनचा प्रश्न मुळात एकच आहे, ही जाणीव त्या दोन वर्षांत राजकारणात रुजली.

वैचारिक आधार : योजनेला अनेक विचारधारा येऊन मिळाल्या. श्रमाला प्रतिष्ठा देणारा सर्वोदयी विचार पाग्यांचा. कामाचा हक्क ही समाजवाद्यांची व साम्यवाद्यांची जुनी मागणी. आर्थिक कुवतीच्या मर्यादेत राज्याने कामाचा हक्क मिळवून द्यावा, असे संविधानाच्या ४१ व्या कलमातील मार्गदर्शक तत्त्वही सांगते. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतातील दारिद्र्याच्या अभ्यासात भूमिहीनांसाठी मोठ्या प्रमाणावर सार्वजनिक कामे काढण्याचा आग्रह धरला. जमीन सर्वांना पुरेल इतकी नाही, म्हणून कामाची हमी हवी, हा त्यांच्या मांडणीचा रोख होता. १९३० च्या दशकातील जागतिक मंदीत अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी सांगितलेला, मागणी खचली की सरकारने खर्च करून ती उभी करावी, हा विचारही याच दिशेचा. महाराष्ट्राने त्याला जलसंधारणाची जोड दिली आणि मजुरी वाटता वाटता दुष्काळाच्या कारणावरच घाव घालण्याचा प्रयत्न केला.

कायदा व निधी : महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम, १९७७ हा विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी एकमताने मंजूर केला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. त्याआधीच १९७५ मध्ये व्यवसाय कर लागू झाला होता. हा कर मुख्यतः शहरांतील पगारदार व व्यावसायिक भरतात, आणि त्यातून उभ्या राहणाऱ्या रोजगार हमी निधीत राज्य शासन आपली भर घालते. शहराच्या कमाईतला हिस्सा खेड्यातील मजुरीसाठी कायद्याने बांधून देण्याचे भारतातील हे ठळक उदाहरण होय. कामाचा दर स्त्री-पुरुषांना सारखाच असल्याने आणि काम घराजवळ मिळत असल्याने बायका या कामांवर मोठ्या संख्येने आल्या. १९९० पासून फळबाग लागवडही योजनेला जोडण्यात आली.

शहापूर–मुरबाड परिसर : हा कायदा दुष्काळी पठारावर जन्मला, पण त्याची गरज सह्याद्रीच्या पायथ्याच्या भरपूर पावसाच्या मुलखातही तितकीच आहे. ठाणे जिल्ह्यात, मध्य रेल्वेच्या कल्याण–कसारा मार्गावर खर्डी आणि कसारा यांच्या दरम्यान असलेले उंबरमाळी हे त्याचे उदाहरण म्हणून घेता येईल. या भागात ठाकूर, कातकरी, महादेव कोळी आणि वारली समाजांची वस्ती आहे. शेती पावसावरची, भात, नागली आणि वरईची. झोडणी आटोपली की हाताला काम उरत नाही. मग बिऱ्हाड भिवंडी–कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जाते. मालकाकडून आगाऊ घेतलेली उचल हंगामभर फेडावी लागते, मुलांची शाळा सुटते आणि पाऊस तोंडावर आला की माणसे परततात. मुंबईला पाणी देणारी तानसा व भातसा ही धरणे याच शहापूर तालुक्यात आहेत, तरी उन्हाळ्यात तालुक्यातील अनेक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. ज्या मुलखाच्या पाण्यावर शहर जगते, त्याच्या मजुरीसाठी शहराने कर भरावा, यात उपकाराचा भाग नाही. ती न्याय्य देवघेव आहे.

वेठबिगारीविरुद्धचा लढा ठाणे जिल्ह्याला नवा नाही. याच रेल्वेमार्गावरील टिटवाळ्याला जानेवारी १९४५ मध्ये महाराष्ट्र किसान सभेचे अधिवेशन भरले आणि त्यानंतर शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली डहाणू–उंबरगावच्या वारल्यांनी वेठीविरुद्ध उठाव केला. १९८२ मध्ये विवेक व विद्युल्लता पंडित यांनी स्थापन केलेली श्रमजीवी संघटना आणि मुरबाड तालुक्यातील श्रमिक मुक्ती संघटना यांनी पुढे वेठबिगारी, वनजमीन आणि रोजगार हमी हे प्रश्न एकत्र हाती घेतले. त्यांचा संबंध सरळ आहे. गावात काम मिळाले तर उचल घ्यावी लागत नाही, आणि उचल नसेल तर मालकाची जबरदस्ती चालत नाही. भातशेतीची मजगी (उतारावरचे सपाटीकरण), दगडी बांध, समतल चर, वनतळी, रोपवाटिका ही इथली उपयोगाची कामे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली मिळालेल्या वनपट्ट्यांवर मजगी आणि फळबाग झाली, तर मजुराची शेती सुधारते आणि स्थलांतराची गरज कमी होते.

राष्ट्रीय कायदा आणि मंदी : महाराष्ट्राच्या अनुभवाच्या पायावर २००५ मध्ये संसदेने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा केला. २ फेब्रुवारी २००६ ला तो २०० जिल्ह्यांत सुरू झाला आणि १ एप्रिल २००८ पासून देशभर पोचला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकेतील लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली आणि जगभर मंदी पसरली. त्या काळात ग्रामीण भागातील मजुरीने बाजारातील मागणीला आधार दिला. केंद्रीय कायद्यात एका कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांची हमी होती. महाराष्ट्रात त्यापुढील दिवसांचा भार राज्याने स्वतःच्या कायद्यानुसार उचलला.

मार्च २०२० मधील करोना टाळेबंदीने या धोरणाची सर्वांत कठीण परीक्षा घेतली. मुंबई–नाशिक महामार्गावरून, शहापूर आणि कसारा घाटातून, हजारो परप्रांतीय मजूर पायी गावाकडे निघाले होते. वीटभट्ट्या थांबल्या, रोजंदारी बुडाली. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचे उत्पादन आदल्या वर्षीच्या तुलनेत सुमारे एक चतुर्थांशाने घटले. केंद्राने राष्ट्रीय योजनेच्या ६१,५०० कोटी रुपयांच्या तरतुदीत आणखी ४०,००० कोटींची भर घातली. २०१९-२० मध्ये देशात सुमारे २६५ कोटी मनुष्यदिवस काम झाले होते. २०२०-२१ मध्ये ते सुमारे ३८९ कोटींवर गेले. मागणीनुसार वाढणारी योजना आधीपासून कायद्यात असल्यानेच एवढ्या वेगाने काम देता आले.

टीका व मर्यादा : खड्डे खणण्यावर पैसा वाया जातो, शेतीला मजूर मिळत नाहीत, हजेरीपटावर खोटी नावे चढतात, असे आक्षेप सुरुवातीपासून घेतले गेले. त्यांपैकी भ्रष्टाचाराचा आक्षेप खरा आहे आणि त्यावर सामाजिक अंकेक्षण हा उपाय आहे. मजूर महागले ही तक्रार मात्र योजनेच्या यशाचीच खूण मानावी लागेल. खरी दुखणी वेगळी आहेत. १९८८ मध्ये मजुरीचे दर वाढवून किमान वेतनाशी जोडल्यावर कामे मोजूनमापून दिली जाऊ लागली आणि हमीचा अर्थ पातळ झाला, असे मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त व शुभम चौधुरी यांच्या १९९३ मधील अभ्यासात दिसते. मागणीचा अर्ज घेऊन तारखेची पोच न देणे, मजुरी आठवडे थकवणे, बेकारी भत्ता टाळणे हे आजचे अनुभव. मोबाईलवरील हजेरीने डोंगरपाड्यांत आणखी एक अडसर उभा केला, कारण रेंज नसेल तर केलेले कामही नोंदले जात नाही.

मूल्यमापन : दया किंवा मदत म्हणून मिळणारे काम अधिकाऱ्याच्या मर्जीने थांबते, हक्काचे काम थांबवता येत नाही. हा फरक रोजगार हमीने भारताच्या राजकारणाला शिकवला. मात्र कायदा आपोआप काम देत नाही. ज्या गावात मजूर एकत्र येऊन लेखी मागणी करतात, ग्रामसभेत कामांची यादी ठरवतात आणि पोच घेऊनच उठतात, तिथेच हमी खरी ठरते. मंदीच्या काळात खर्चकपातीची कुऱ्हाड सर्वांत आधी गरिबांच्या योजनांवर पडते. म्हणून निधीची पूर्ण तरतूद, वेळेवर मजुरी आणि दिवाळीनंतर लगेच कामांची सुरुवात या तीन मागण्या शहापूर–मुरबाडसारख्या भागात स्थलांतर रोखण्याच्या किमान अटी आहेत. भट्टीमालकाची उचल गावात पोचण्याआधी सरकारी काम पोचले पाहिजे.