बोस्टनची वर्गणी ते पुण्याची ओवाळणी : स्त्रियांनी उभारलेल्या निधीची कथा (थ्रेड)

१/
पिंपरी, चिंचवड ते चाकण या औद्योगिक पट्ट्यात स्त्रियांच्या सेवाभावी क्लबांच्या शाखा आज सर्वपरिचित आहेत. ठरलेली वर्गणी, नियमित सभा, वस्तूंची विक्री, हिशेब आणि वार्षिक अहवाल हे त्यांचे नेहमीचे रूप. ही पद्धत पाश्चात्त्य असली, तरी एका मराठी स्त्रीने १८८७ मध्येच तिचा मोठ्या कौशल्याने उपयोग करून घेतला होता. त्या प्रयोगाचा, आणि त्यासाठी मोजाव्या लागलेल्या किमतीचा, हा इतिहास.

२/
पार्श्वभूमी प्रथम पाहू. १८६८ मध्ये न्यूयॉर्कमधील पत्रकारांनी चार्ल्स डिकन्सच्या सन्मानार्थ भोजन ठेवले. जेन क्रोली या स्त्री पत्रकाराला मात्र त्यात प्रवेश मिळेना. तिने त्याच वर्षी ‘सोरोसिस’ हा केवळ स्त्रियांचा क्लब काढला. त्याच वर्षी बोस्टनलाही असा क्लब निघाला. पुढच्या वीस वर्षांत अमेरिकेत स्त्रियांच्या मंडळांचे जाळे पसरले. (रोटरी परिवारातील स्त्रियांचे ‘इनर व्हील’ बरेच नंतरचे; त्याची स्थापना १९२४ मध्ये मँचेस्टर येथे झाली.)

३/
या जाळ्याचे सामर्थ्य ओळखणारी मराठी स्त्री म्हणजे पंडिता रमाबाई. १८८२ मध्ये वैधव्य आल्यावर त्या पुण्यास आल्या आणि येथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. इंग्लंडला जाण्यासाठी हाती पैसा नव्हता. तेव्हा त्यांनी ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले आणि त्याच्या विक्रीतून प्रवासखर्चाची तजवीज केली. पुस्तक विकून कार्य उभे करण्याचा हा त्यांचा पहिला प्रयोग होता. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

४/
११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात आनंदीबाई जोशी यांना वैद्यकीय पदवी मिळाली. त्या समारंभासाठी रमाबाई अमेरिकेत गेल्या. मुक्काम अल्प ठरला होता, पण तो अडीच वर्षांहून अधिक लांबला. बालशिक्षणाची फ्रोबेलची पद्धत त्यांनी शिकून घेतली, शहरोशहरी व्याख्याने दिली, आणि उच्चवर्णीय बालविधवांसाठी निवासी शाळा काढण्याचा संकल्प लोकांपुढे मांडला.

५/
१८८७ मध्ये त्यांचे ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. प्रस्तावना त्याच महाविद्यालयाच्या अधिष्ठाता रेचेल बॉडली यांची. विक्रीचे उत्पन्न शाळेसाठी होते. म्हणजे पुस्तक हेच आवाहनपत्र आणि पुस्तक हेच उत्पन्नाचे साधन. वाचणाऱ्या प्रत्येक स्त्रीच्या हाती विषयाची माहितीही पडली आणि मदतीचा मार्गही.

६/
डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टन येथे ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली. तिच्या आधाराला गावोगावी ‘रमाबाई सर्कल’ नावाच्या शाखा निघाल्या. नियम साधा होता : प्रत्येक सभासदाने दरसाल निदान एक डॉलर द्यायचा आणि हे वचन दहा वर्षे पाळायचे. एखाद्या धनिकाच्या मोठ्या देणगीपेक्षा अनेकींच्या छोट्या, पण बांधील वर्गणीवर ही योजना उभी होती.

७/
या रचनेचे मर्म ‘दहा वर्षे’ या शब्दांत आहे. देणगी एकदाच येते. शाळेचे भाडे, धान्य आणि शिक्षकांचे पगार मात्र दरमहा द्यावे लागतात. दहा वर्षांच्या हमीमुळे रमाबाईंना शाळा सुरू करण्यापूर्वीच तिचा खर्च आखता आला. शिवाय शाखा ही केवळ पैसा गोळा करणारी पेटी नव्हती. तेथे स्त्रिया एकत्र जमत. वार्षिक सभांत अहवाल सादर होत, रमाबाईंची पत्रे वाचली जात. दूरच्या देशातील कार्याशी सभासदांचे नाते त्यातून जुळे.

८/
रमाबाईंनी हे सर्व केवळ लाभार्थी म्हणून पाहिले नाही. १८८८ मध्ये वॉशिंग्टन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय स्त्री परिषदेत त्यांनी भाषण केले. मायदेशी परतल्यावर १८८९ मध्ये त्यांचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हे मराठी पुस्तक निघाले. स्त्रियांनी संघटना बांधून सार्वजनिक कार्य कसे करावे, याचे जिवंत चित्र त्यातून मराठी वाचकांसमोर आले.

९/
११ मार्च १८८९ रोजी, आनंदीबाईंच्या पदवीदानाला बरोबर तीन वर्षे झाली त्या दिवशी, मुंबईत ‘शारदा सदन’ उघडले. पुढल्या वर्षी ते पुण्यास आले. गोदूबाई ही सदनातील पहिली विधवा विद्यार्थिनी. अमेरिकेतील अनोळखी स्त्रियांच्या डॉलरवर एका कोकणी बालविधवेचे शिक्षण सुरू झाले. हे नाव लक्षात ठेवावे. कथेचा पुढचा भाग तिच्याच घराण्यातून जातो.

१०/
आता किंमत. शाळा धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, या अटीवर बोस्टनने पैसा दिला होता, आणि याच भरवशावर रानडे-भांडारकरांसारखे पुण्याचे सुधारक सल्लागार झाले होते. पण रमाबाई स्वतः ख्रिस्ती होत्या. त्यांच्या खासगी प्रार्थनेचे दार बंद नसे आणि काही मुली तेथे बसत. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांनी संबंध तोडला, पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. परक्या पैशामुळे शाळा तरली, पण परक्या पैशाविषयीचा संशयही तिच्या वाट्याला आला.

११/
दुसरी किंमत अधिक सूक्ष्म होती. दाता द्रवतो तो दुःखाच्या चित्राने. मग ते चित्र जपणे हीच शाखेची गरज होऊन बसते. १८९५ मध्ये स्वामी विवेकानंदांनी ब्रुकलिन येथील व्याख्यानांत हिंदू विधवांच्या स्थितीचे वेगळे चित्र रंगवले, तेव्हा तेथील रमाबाई सर्कलने त्याला जाहीर हरकत घेतली. वाद वर्तमानपत्रांपर्यंत गेला. एका बाजूस देशाच्या अब्रूची चिंता, दुसऱ्या बाजूस निधीला आधार देणाऱ्या कथेची. ज्यांच्याविषयी हा वाद होता, त्या पुण्याच्या सदनात धडे गिरवत होत्या.

१२/
इकडे १८९३ मध्ये गोदूबाईंचा पुनर्विवाह धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला. त्या आनंदीबाई, म्हणजेच बाया कर्वे झाल्या. १८९६ मध्ये कर्व्यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला, तो पुढे हिंगण्यास गेला. हिंदू समाजाचा विश्वास राखून आणि त्याच समाजाच्या वर्गणीवर हे कार्य चालवायचे, असा त्यांचा मार्ग होता. शारदा सदनाने घालून दिलेला धडा आणि त्याच सदनात शिकलेली विद्यार्थिनी, दोन्ही हिंगण्याच्या पायाशी आहेत.

१३/
हा मार्ग पायी तुडवला तो बायांच्या भगिनी पार्वतीबाई आठवले यांनी. त्याही विधवा होत्या. आश्रमासाठी गावोगाव फिरून, सभांत बोलून त्यांनी वर्गणी जमवली. १९१८ मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्या अमेरिकेस गेल्या. इंग्रजी बेताचेच, तेथे लोकांच्या घरी घरकाम करून पोट भरले आणि भाषाही शिकल्या. रमाबाईंच्या मागे पुस्तक, व्याख्याने आणि संघटित शाखा होत्या. पार्वतीबाईंपाशी होते ते स्वतःचे श्रम आणि स्वतःची कहाणी. येथे विधवेची कथा सांगणारी, विधवेसाठी निधी मागणारी आणि विधवा, तिन्ही एकच होती.

१४/
मग हिंगण्याच्या संस्थेने एक अस्सल घरगुती कल्पना शोधली : भाऊबीज निधी. भावाने बहिणीला ओवाळणी घालायची, हा रिवाज घरोघरी होताच. संस्थेतील मुली याही समाजाच्या बहिणी, तेव्हा त्यांचीही ओवाळणी काढून ठेवा, एवढेच मागणे. कार्यकर्ते दारोदार जाऊन छोट्या रकमा गोळा करू लागले. दरसाल ठरलेल्या वेळी, अनेकांकडून, थोडेथोडे. तत्त्व रमाबाई सर्कलचेच, पण सण मराठी आणि दाता शेजारचा.

१५/
या कल्पनेत आणखी एक शहाणपण आहे. मराठी स्त्रियांनी एकत्र जमण्याचा जुना प्रसंग म्हणजे हळदीकुंकू. त्यात विधवेला स्थान नव्हते. म्हणजे जिच्यासाठी निधी उभारायचा, तीच स्नेहसंमेलनाच्या बाहेर. बहीण हे नाते मात्र पतीच्या मृत्यूने संपत नाही. भाऊबिजेच्या निमित्ताने संस्थेने दयेऐवजी नात्याच्या हक्काने मागितले. ओवाळणी घालणारा भाऊ उपकार करत नाही; तो आपले कर्तव्य करतो.

१६/
रमाबाईंचे दहा वर्षांचे वचन १८९८ मध्ये पुरे झाले. त्या पुन्हा अमेरिकेस गेल्या, मंडळाची नव्याने बांधणी झाली, आणि केडगावचे मुक्ती सदन आजही उभे आहे. हिंगण्याचा भाऊबीज निधीही चालू आहे. दोन्ही मार्गांनी हजारो स्त्रिया शिकल्या, म्हणून एकाला खरा आणि दुसऱ्याला खोटा म्हणण्याचे कारण नाही. निधी उभारणाऱ्या आजच्या शाखांनी या इतिहासातून एक प्रश्न मात्र जरूर घ्यावा : ज्यांच्यासाठी आपण पैसा जमवतो, त्यांना आपल्या सभेत बसायला जागा आहे का?