हँग

तिकिटाचे पैसे खात्यातून जावेत आणि पडद्यावर ते गोल चक्र नुसतं गरगरत राहावं, की तोंडातून निघतंच, ‘हँग झालं!’ इंग्रजीत याचा मूळ अर्थ टांगणं, लटकणं. गंमत म्हणजे भाषाशास्त्रज्ञ त्याचं गोत्र आपल्या ‘शंके’शी जुळवतात. संस्कृत ‘शङ्कते’ म्हणजे डळमळतो, कचरतो. याच कुळातल्या लॅटिन क्रियापदाचा अर्थ चालढकल करणं. हॅनिबलशी समोरासमोर लढाई टाळत राहिलेल्या रोमन सेनापती फेबियसला ‘कंक्टेटर’ हे बिरुद त्यावरूनच मिळालं. आमचा जुना लॅपटॉप तिन्ही अर्थांना जागतो. ‘लटकला’ हा शब्द मराठीत होता, पण तो रखडलेल्या कामांना आणि फायलींना गेला. हँग मात्र यंत्रावरून माणसावर आला. ‘थांब जरा, डोकं हँग झालंय,’ असं आता आजीसुद्धा सहज म्हणते.