नाण्यांवरील पशु आणि कार्ल्याचे यवन

लोणावळ्यास हवा पालटण्याकरितां गेलेलीं कुटुंबें कार्ल्याचें लेणें बहुधा पाहून येतात. परंतु तेथील कित्येक खांब धेनुकाकट येथील यवनांनीं दान दिल्याचे ब्राह्मी लेख थोडेच वाचतात. त्यांतील एका यवनाचें नांव सिंहध्वज! दारापुढील स्तंभावर चार सिंह, आंत खांबांच्या माथ्यावर गुडघे टेकलेले हत्ती, त्यांच्या पाठीशीं घोडे. दाते यवन म्हणून ही प्राणिसृष्टीही ग्रीसची उसनवारी, असें म्हणण्याचा मोह होतो. आम्हांस तें पटत नाहीं, आणि साक्षीस आम्ही ग्रीकांचींच नाणीं काढतों.

अथेन्सच्या नाण्यावर घुबड असे. तो अथीना देवीचा पक्षी. हिंदुस्थानांत राज्य करणाऱ्या मिनँडरनेंही आपल्या कांहीं नाण्यांवर तें घुबड उठविलें. पण अपोलोडोटसाचें चौकोनी रुप्याचें नाणें पाहावें. एका बाजूस ग्रीक अक्षरांत हत्ती, दुसऱ्या बाजूस खरोष्ठी अक्षरांत बैल, आणि त्या बैलाला चांगलें ठसठशीत वशिंड! हत्ती व वशिंडाचा बैल ग्रीसांतून खचित आले नाहींत. चौकोनी घाटही आपल्या जुन्या आहत नाण्यांचा. येथें ऋणको कोण, हें वाचकांनींच ठरवावें.

या दोन्ही राजांचे जुने द्रम्म इ. स. च्या पहिल्या शतकांत भडोचास चालत होते, असें 'पेरिप्लस'चा कर्ता लिहितो. दक्षिणेंतील माल पैठण व तगर येथून त्याच बंदरास जाई. सातवाहनांनींही नाण्यांवर सोंड उचललेला हत्ती उठविला. त्यासाठीं त्यांना परदेशीं पाहण्याचें कारण नव्हतें.