कंपवाताची चाल : १८१७ ते आज

इ. स. १८१७ मध्ये लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी कंपवातावर निबंध लिहिला. त्यातील सहा रुग्णांपैकी काही त्यांना रस्त्यातच दिसले होते. धड पुढे झुकते, चाल नकळत धावेत बदलते, हे त्यांनी नुसत्या डोळ्यांनी टिपले. पडण्याचे भय याच चालीत आहे.

आज तेच काम स्मार्टफोन करू पाहतो. २०१५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या 'एमपॉवर' अभ्यासात रुग्ण फोन खिशात ठेवून २० पावले चालत, मग ३० सेकंद स्तब्ध उभे राहत. फोनमधील त्वरणमापक पावलांची लय व तोल नोंदवी. दवाखान्यात रुग्ण जपून चालतो. घरी मात्र वळताना तोल जातो. म्हणून घरची नोंद मोलाची.

तथापि यंत्र सावधान करील, सावरणार नाही. पार्किन्सन यांनी परक्यांची चाल न्याहाळली. घरच्या वडीलधाऱ्यांची चाल आम्ही कधी न्याहाळतो काय?