प्रो कबड्डी लीगमधील खेळाडू लिलाव

प्रो कबड्डी लीगमधील खेळाडू लिलाव ही प्रो कबड्डी लीग या भारतीय व्यावसायिक कबड्डी स्पर्धेतील संघबांधणीची पद्धत आहे. प्रत्येक हंगामापूर्वी संघांना खेळाडूंच्या मानधनासाठी एक ठरावीक कमाल रक्कम नेमून दिली जाते. काही जुने खेळाडू राखून ठेवल्यावर जी रक्कम उरते, तिच्या मर्यादेत राहून उर्वरित खेळाडू जाहीर बोलीने घ्यावे लागतात. मालक कितीही धनवान असला तरी त्याला ही मर्यादा ओलांडता येत नाही. त्यामुळे कोणाला ठेवावे, कोणाला सोडावे आणि एका खेळाडूसाठी कुठवर बोली लावावी या निर्णयांवर संघाचा हंगाम बराचसा अवलंबून असतो. स्पर्धेत महाराष्ट्राचे दोन संघ आहेत : यू मुंबा आणि पुणेरी पलटण.

पार्श्वभूमी

प्रो कबड्डी लीगचा पहिला हंगाम २६ जुलै २०१४ रोजी मुंबईत सुरू झाला. त्यात आठ संघ होते. त्या हंगामाच्या लिलावात पाटणा पायरेट्सने राकेश कुमार याला १२ लाख ८० हजार रुपयांना घेतले आणि तीच सर्वांत मोठी बोली ठरली. २०१७ मध्ये संघांची संख्या बारा झाली व बोलींचे आकडे झपाट्याने वाढले. त्या वर्षी नितीन तोमरसाठी यूपी योद्धाने ९३ लाख रुपये मोजले. २०१८ मध्ये यू मुंबाने इराणचा बचावपटू फझल अत्राचली याला एक कोटी रुपयांना घेतले. एक कोटीचा टप्पा गाठणारा तो या स्पर्धेतील पहिला खेळाडू होय. त्याच लिलावात मोनू गोयत याच्यासाठी हरियाणा स्टीलर्सने १ कोटी ५१ लाखांची बोली लावली.

बोली वाढत गेल्या, तरी प्रत्येक संघाची एकूण रक्कम त्या प्रमाणात वाढली नाही. २०१८ मध्ये ती चार कोटी, २०१९ मध्ये ४ कोटी ४० लाख आणि २०२३ च्या लिलावात पाच कोटी रुपये होती. म्हणजे २०१८ ते २०२३ या काळात संघाची थैली सव्वापटीने वाढली, तर सर्वोच्च बोली १ कोटी ५१ लाखांवरून २ कोटी ६० लाख ५० हजारांपर्यंत, म्हणजे जवळजवळ पावणेदोनपट झाली. नामांकित खेळाडूंच्या वाट्याला थैलीचा मोठा हिस्सा जाऊ लागला आणि उरलेल्या रकमेत बाकीचा संघ बसवणे अधिक अवघड झाले.

लिलावाची रचना

खेळाडू राखणे

लिलावापूर्वी प्रत्येक संघ आपल्या खेळाडूंपैकी कोणाला राखायचे ते जाहीर करतो. राखलेल्या खेळाडूंचे तीन प्रकार आहेत : प्रस्थापित राखीव खेळाडू, राखीव युवा खेळाडू आणि आधीपासून करारबद्ध असलेले नवोदित युवा खेळाडू. ज्यांना राखले जात नाही, ते मुक्त होऊन लिलावात उतरतात. राखलेल्या खेळाडूंचे मानधन एकूण थैलीतून वजा होते. स्वतः घडवलेले युवा खेळाडू नामांकितांच्या तुलनेत कमी खर्चात संघात राहतात. त्यामुळे चांगले नवोदित हेरणारा संघ लिलावाच्या दालनात अधिक मोकळ्या हाताने येतो.

वर्ग आणि मूळ किंमत

लिलावातील खेळाडूंची अ, ब, क आणि ड अशा चार वर्गांत विभागणी केली जाते. २०२३ च्या लिलावात त्यांच्या मूळ किमती अनुक्रमे ३० लाख, २० लाख, १३ लाख आणि ९ लाख रुपये होत्या. प्रत्येक वर्गात चढाईपटू, बचावपटू आणि अष्टपैलू असे उपगट असतात. संघात किमान १८ व कमाल २५ खेळाडू असावे लागतात.

अंतिम बोली जुळवणी

एखाद्या मुक्त खेळाडूवरील बोली थांबली की त्याचा आधीचा संघ विशेष कार्ड दाखवून तेवढ्याच रकमेला त्याला परत घेऊ शकतो. यालाच अंतिम बोली जुळवणी म्हणतात. या कार्डांची संख्या मर्यादित असते. २०१८ मध्ये यूपी योद्धाने रिशांक देवाडिगाला १ कोटी ११ लाखांना व तेलुगू टायटन्सने राहुल चौधरीला १ कोटी २९ लाखांना याच मार्गाने परत मिळवले.

या तरतुदीमुळे बोलीला वेगळेच वळण लागते. आधीचा संघ कार्ड वापरणार असे वाटले, तर प्रतिस्पर्धी मुद्दाम भाव चढवतात, कारण त्यातून त्या संघाची थैली रिकामी होते. मात्र आधीच्या संघाने ऐनवेळी कार्ड वापरले नाही, तर भाव चढवणाऱ्यालाच तो खेळाडू त्या चढ्या दराने घ्यावा लागतो.

रकमेचे गणित

मर्यादित रकमेचा अर्थ एका काल्पनिक उदाहरणावरून स्पष्ट होईल. समजा, एका संघाची थैली पाच कोटींची आहे. त्याने दहा खेळाडू राखले व त्यांवर २ कोटी २० लाख रुपये खर्च झाले. आता त्याच्याकडे २ कोटी ८० लाख उरले आणि किमान संख्या गाठण्यासाठी आठ खेळाडू लिलावातून घ्यायचे आहेत. त्यांपैकी एक नामांकित खेळाडू हवा असेल, तर उरलेल्या सात जागांसाठी ड वर्गाच्या मूळ किमतीने, म्हणजे प्रत्येकी नऊ लाखांप्रमाणे, ६३ लाख बाजूला ठेवावेच लागतील. म्हणून त्या एका खेळाडूसाठी संघाची खरी कमाल बोली २ कोटी १७ लाख ठरते. दोन कोटींना खेळाडू मिळाला, तर ८० लाख उरतात. त्यांत सहा खेळाडू ड वर्गातील आणि एक ब वर्गातील, असे सातही मूळ किमतीला मिळाले तरच घेता येतात. बोली २ कोटी २० लाखांवर गेली, तर संघ पूर्णच होत नाही.

कसलेले व्यवस्थापक आपल्याबरोबर इतर अकरा संघांच्या थैलीचाही हिशेब मांडतात. कोणाकडे किती रक्कम शिल्लक आहे आणि कोणाला कोपरारक्षक हवा आहे, हे माहीत असले की कोणती बोली कुठे थांबेल याचा अंदाज बांधता येतो. खेळाडूंची नावे कोणत्या क्रमाने पुकारली जातात, यालाही महत्त्व असते. सुरुवातीला थैल्या भरलेल्या असल्याने भाव चढतात, तर उत्तरार्धात तोडीचा खेळाडूही कधी कधी मूळ किमतीला मिळून जातो.

उल्लेखनीय उदाहरणे

पुणेरी पलटण (२०२२–२०२५)

२०२२ च्या लिलावात पुणेरी पलटणने फझल अत्राचलीसाठी १ कोटी ३८ लाख व मोहम्मद नबीबक्षसाठी ८७ लाख रुपये खर्च केले. दोघेही इराणचे अनुभवी खेळाडू होते. म्हणजे ४ कोटी ४० लाखांच्या थैलीचा निम्म्याहून अधिक भाग दोन खेळाडूंवर गेला. संघ त्या हंगामात प्रथमच अंतिम सामन्यात पोहोचला, परंतु १७ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईत जयपूर पिंक पँथर्सकडून ३३–२९ असा पराभूत झाला.

त्यानंतर संघाने या दोघांनाही मुक्त केले. अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे, संकेत सावंत, अबिनेश नादराजन, गौरव खत्री असा तरुण गाभा मात्र राखून ठेवला. वाचलेल्या रकमेतून ऑक्टोबर २०२३ च्या लिलावात इराणचा मोहम्मदरझा शादलुई याला २ कोटी ३५ लाखांना घेण्यात आले. पाच कोटींच्या थैलीतील हा ४७ टक्के वाटा होता. अहिल्यानगर जिल्ह्यातील अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखाली व बी. सी. रमेश यांच्या मार्गदर्शनाखाली पलटणने १ मार्च २०२४ रोजी हैदराबाद येथे हरियाणा स्टीलर्सचा २८–२५ असा पराभव करून पहिले विजेतेपद मिळवले.

पुढील लिलावात शादलुई २ कोटी ७ लाखांना हरियाणा स्टीलर्सकडे गेला आणि २९ डिसेंबर २०२४ रोजी पुण्यातच हरियाणाने पाटणा पायरेट्सला नमवून विजेतेपद जिंकले. त्या हंगामात पलटणला बाद फेरी गाठता आली नाही. कर्णधार इनामदारची दुखापत हेही त्यामागील एक कारण होते. २०२५ मध्ये शादलुईसाठी गुजरात जायंट्सने २ कोटी २३ लाख मोजले. पलटणने मात्र आपल्या तरुण गाभ्यावरच भिस्त ठेवून पुन्हा अंतिम सामना गाठला. तेथे दबंग दिल्लीने त्यांना हरवले.

तेलुगू टायटन्स (२०२३)

शादलुईला पलटणने घेतले त्याच लिलावात तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतसाठी २ कोटी ६० लाख ५० हजार रुपये, म्हणजे थैलीतील ५२ टक्के रक्कम खर्च केली. हा संघ २२ पैकी केवळ दोन सामने जिंकून तळाला राहिला. दोन्ही संघांनी जवळजवळ निम्मी थैली एका खेळाडूवर रिती केली, पण एक विजेता ठरला आणि दुसरा शेवटचा. राखलेल्या खेळाडूंचा दर्जा हा दोहोंतील मोठा फरक होता.

तमिळ थलायवाज (२०२२)

याच पवन सेहरावतला २०२२ मध्ये तमिळ थलायवाजने २ कोटी २६ लाख ५० हजारांना घेतले होते. पहिल्याच सामन्यात त्याला दुखापत झाली व तो संपूर्ण हंगामाला मुकला. अर्धी थैली अशी बाकावर बसली असताना नरेंदर या नवोदित चढाईपटूने भार उचलला आणि संघ उपान्त्य फेरीपर्यंत पोहोचला.

यू मुंबा (२०१८–२०१९)

कोल्हापूर जिल्ह्यातील सिद्धार्थ देसाई याला यू मुंबाने २०१८ मध्ये ३६ लाख ४० हजारांना घेतले. पदार्पणाच्याच हंगामात त्याने चढाईत दोनशेहून अधिक गुण मिळवले. पुढच्या वर्षी यू मुंबाने फझल अत्राचलीला राखले आणि सिद्धार्थला मुक्त केले. तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख रुपये मोजले. २०१९ च्या हंगामात यू मुंबा अभिषेक सिंग व अर्जुन देशवाल या तरुण चढाईपटूंच्या बळावर उपान्त्य फेरीत पोहोचला, तर टायटन्स गुणतक्त्यात तळाजवळ राहिले.

अन्य स्पर्धांशी तुलना

मर्यादित रकमेत संघ बांधण्याची पद्धत अमेरिकेतील एनबीए या बास्केटबॉल स्पर्धेत १९८४–८५ च्या हंगामापासून आजच्या स्वरूपात चालत आली आहे. तेथे वेतनाची मर्यादा लवचिक असते. आपला जुना खेळाडू ठरावीक काळ संघात असेल, तर मर्यादा ओलांडूनही त्याच्याशी पुन्हा करार करता येतो. बोस्टन सेल्टिक्सच्या लॅरी बर्ड याच्या नावाने ही सवलत ओळखली जाते. कबड्डीतील अंतिम बोली जुळवणी हिचाही हेतू खेळाडूला जुन्या संघात टिकवण्याचाच आहे, पण तिची रक्कम थैलीतूनच द्यावी लागते.

मोठा फरक निवडीच्या अधिकारात आहे. एनबीएतील मुक्त खेळाडू कोणत्या संघाशी करार करायचा हे स्वतः ठरवतो. २०१६ मध्ये वेतनमर्यादा एकदम वाढली तेव्हा केव्हिन ड्युरंट स्वतःच्या निर्णयाने गोल्डन स्टेट वॉरियर्सकडे गेला. कबड्डीच्या लिलावात सर्वाधिक बोली लावणारा संघच खेळाडूचे गाव, प्रशिक्षक आणि सोबती ठरवतो. खेळाडूला नाव नोंदवावे की नाही, एवढाच निर्णय स्वतः घेता येतो.

भारतात इंडियन प्रीमियर लीगने २००८ पासून क्रिकेटमध्ये लिलावाची पद्धत रुजवली. तेथेही जुन्या खेळाडूवरील बोली जुळवण्याची तरतूद वेळोवेळी वापरली गेली आहे. २०२३ मध्ये सुरू झालेल्या महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये प्रत्येक संघाला लिलावासाठी २० लाख रुपयांची मर्यादा होती. त्यांतील सहा लाख कोल्हापूर टस्कर्सने एकट्या नौशाद शेख याच्यासाठी दिले. अल्टिमेट खो-खो स्पर्धेने मात्र बोलीऐवजी पाळीपाळीने खेळाडू निवडण्याची पद्धत स्वीकारली.

मराठवाडा आणि लिलाव

मराठवाड्याचा स्वतंत्र संघ प्रो कबड्डी लीगमध्ये नाही. नांदेड, लातूर, परभणी, बीड आदी जिल्ह्यांतील खेळाडूंचा मार्ग जिल्हा संघटनेच्या निवड चाचणीतून राज्य अजिंक्यपद स्पर्धेकडे, तेथून राज्य संघाकडे किंवा लीगच्या नवोदित खेळाडू शोधमोहिमेकडे जातो. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली हे जिल्हे येतात. महाविद्यालयीन खेळाडूंना त्याच्या संघातून आंतरविद्यापीठ स्पर्धांत उतरता येते. गावच्या मातीच्या मैदानावर घडलेल्या खेळाडूला लीगमध्ये मॅटवर खेळावे लागते आणि चढाईची पावले नव्याने बसवावी लागतात.

क्रिकेटमध्ये या भागाला लिलावाचा अनुभव आधीच आला आहे. लातूरला लागून असलेल्या धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूरचा वेगवान गोलंदाज राजवर्धन हंगरगेकर याची मूळ किंमत २०२२ च्या इंडियन प्रीमियर लीग लिलावात ३० लाख रुपये होती. चेन्नई सुपर किंग्जने त्याला दीड कोटींना घेतले. महाराष्ट्र प्रीमियर लीगच्या पहिल्या हंगामात तो छत्रपती संभाजी किंग्ज या संघाचा प्रमुख खेळाडू होता.

परिणाम आणि टीका

मर्यादित थैलीमुळे स्पर्धेत समतोल राहिला, असे सामान्यतः मानले जाते. २०२२ ते २०२५ या चार हंगामांत जयपूर, पुणे, हरियाणा आणि दिल्ली असे चार वेगळे विजेते झाले. कबड्डीपटूंच्या उत्पन्नातही मोठी वाढ झाली. पूर्वी रेल्वे, पोलीस वा सार्वजनिक कंपन्यांतील नोकरी हाच त्यांचा मुख्य आधार असे.

दुसरीकडे, थैली बांधलेली असल्याने एकाची वाढ दुसऱ्याच्या वाट्यातून होते. नामांकित खेळाडूवर दोन कोटी खर्च झाले की मधल्या फळीतील अनुभवी खेळाडूसाठी रक्कम उरत नाही. त्याच्या जागी स्वस्त नवोदित घेतला जातो आणि वयाच्या तिशीतला खेळाडू बोलीविना राहतो. दरवर्षी संघ बदलल्याने प्रेक्षकांची खेळाडूशी जुळलेली नाळ तुटते, असाही आक्षेप घेतला जातो. शिवाय एका मोसमातील दुखापत पुढच्या लिलावातील भाव खाली आणू शकते. या जोखमीचा मोठा भार खेळाडूवरच पडतो.

हे सुद्धा पहा

प्रो कबड्डी लीग
पुणेरी पलटण
यू मुंबा
महाराष्ट्र प्रीमियर लीग
अल्टिमेट खो-खो
वेतनमर्यादा (क्रीडा)